खापराचे तेरा तुकडे

पावसाळा सरला की दातिवऱ्याच्या किनाऱ्यावरची वाळू जागा बदलते. श्रावणात जिथे पाय घोट्यापर्यंत रुतायचा तिथे आश्विनात खडक आणि चिकणमाती उघडी पडते. वैतरणेच्या खाडीनं चार महिने आणून टाकलेला पसारा भरतीच्या रेषेला लागून दिसू लागतो: नारळाच्या कवट्या, फुटक्या बोया, नायलॉनच्या जाळ्यांचे गुंतवळे, तिवराच्या काटक्या आणि मधूनमधून खापरं. लहानपणी त्यातली चपटी खापरं आम्ही लगोरीला निवडायचो. आता मी काठाची निवडतो. पोटाच्या तुकड्यावरून फारसं कळत नाही, पण काठाचा बोटभर तुकडा हाती आला तर त्याच्या वळणावरून भांड्याच्या तोंडाचा घेर काढता येतो.

"काय गोळा करतोस रे? खापरं?" वलांडीवर बोंबील टाकता टाकता काकी विचारते. "आमच्या मागच्या दारी ढीग आहे, तो घेऊन जा."

तिचं खरं आहे. माझ्या खिशातल्या खापरांपैकी बहुतेक शंभर-दीडशे वर्षांपलीकडची नसावीत. त्यातलं एखादं हजार वर्षांचं निघालं तरी त्याचा उपयोग थोडाच. पाण्यानं ती वाहून आणली आहेत. कुठल्या जमिनीतून, कुठल्या थरातून सुटली ते आता कुणीच सांगू शकणार नाही. साध्या वस्तूचं वय तिच्या अंगावर लिहिलेलं नसतं. ते तिच्या जागेत असतं आणि जागा सुटली की बहुतेक सगळं सुटतं. ही गोष्ट मला इथे किनाऱ्यावर नाही, मुंबईच्या संग्रहालयांत समजली. आणि तिथे नेणारी वस्तू आमच्या समोरच्या तीरावरची होती.

दातिवऱ्याच्या टोकाला उभं राहिलं की दक्षिणेला अर्नाळ्याचा किल्ला दिसतो. त्याच्यामागे, वसई तालुक्यात, सोपारा. आज नालासोपारा म्हटलं की लोकलची गर्दी आठवते. पण पहिल्या शतकातल्या ग्रीक दर्यावर्दी टिपणात, 'पेरिप्लस'मध्ये, ते 'सुप्पारा' या नावानं येतं, आणि टॉलेमीच्या भूगोलातही येतं. तिथे मातीचा एक मोठा उंचवटा होता. गावकरी त्याला बुरुड राजाचा कोट म्हणत. मासळीच्या पाट्या, टोपल्या, सुपं विणणारा बुरुड. त्यांच्यातला कुणी राजा झाला आणि त्यानं हा कोट बांधला, अशी समजूत. १८८२ च्या एप्रिलमध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो खणायला घेतला.

भगवानलाल मूळचे जुनागढचे, जन्म १८३९ चा. घराजवळच गिरनारचा अशोकाचा शिलालेख. त्याची अक्षरं लावता लावता ते लिपी शिकले. पुढे मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासाठी त्यांनी देशभर हिंडून शिलालेखांचे ठसे घेतले. १८७४ मध्ये भाऊ दाजी गेले, तरी यांचं काम थांबलं नाही. विद्यापीठाची पायरी न चढलेल्या या माणसाला पुढे लायडन विद्यापीठानं सन्मानाची डॉक्टरेट दिली. जेम्स कॅम्पबेल ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर तयार करत होते, त्या कामात भगवानलाल सोपाऱ्याला पोचले.

कोट म्हणजे विटांचा स्तूप निघाला. मधोमध विटांची बंदिस्त पोकळी आणि तिच्यात गोल दगडी करंडा. करंड्यात तांब्याची डबी, तिच्याभोवती बुद्धांच्या आठ लहान ब्राँझमूर्ती: सात होऊन गेलेले बुद्ध आणि आठवा यायचा असलेला मैत्रेय. तांब्याच्या डबीत चांदीची, तिच्यात दगडाची, तिच्यात स्फटिकाची, आणि सगळ्यात आत सोन्याची. डब्यांमध्ये सोन्याची नाजूक फुलं आणि मणी पेरलेले.

सोन्याच्या डबीत होते मातीच्या भांड्याचे १३ तुकडे.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसलो. सोनं, स्फटिक, चांदी, तांबं, दगड, विटा आणि सगळ्यांच्या पोटात खापर. भगवानलालांनी असं मांडलं की हे तुकडे बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून इथे ठेवले गेले. ते खरोखर त्याच पात्राचे होते का, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटत नाही. ज्यांनी ते ठेवले त्यांच्या मनात त्यांची जागा पक्की होती, एवढं पुरे. ज्यात रोज कुणाच्या तरी दारातून भात पडायचा असं भांडं त्यांना सोन्याच्या आत ठेवावंसं वाटलं.

त्याच ठेव्यात चांदीचं एक नाणंही होतं, सातवाहन राजा गौतमीपुत्र यज्ञश्री सातकर्णी याचं. म्हणजे इसवी सनाचं दुसरं शतक. पण त्या आठ मूर्तींची घडण आठव्या-नवव्या शतकाची आहे. त्यामुळे स्तूप शेकडो वर्षांनी पुन्हा उघडला, मूर्ती आत ठेवल्या आणि पुन्हा बुजवला, असा निष्कर्ष निघतो. हे कळतं ते एका हातातून दुसऱ्या हातात फिरणाऱ्या साध्या नाण्यामुळे. आणि ते नाणं कुठे, कशाबरोबर सापडलं हे भगवानलालांनी लिहून ठेवलं म्हणून. बाजारातल्या सराफाकडे तेच नाणं आलं असतं तर ते चांदीच्या वजनानं विकलं गेलं असतं.

हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे, १८३३ मध्ये पुऱ्या झालेल्या त्या टाउन हॉलच्या इमारतीत. सोपाऱ्याचे दोन दगड मात्र तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. १९०५ मध्ये पायाभरणी झालेलं, १९२२ मध्ये लोकांसाठी उघडलेलं हे संग्रहालय जॉर्ज विटेटनं बांधलं. सफाळ्याहून लोकल धरून चर्चगेटला उतरलं की पंधरा-वीस मिनिटांची चाल. दोन्ही दगडांवर अशोकाच्या आज्ञांचे तुकडे आहेत: आठव्या आज्ञेचा १८८२ मध्ये सापडला, नवव्या आज्ञेचा १९५६ मध्ये भुईगावला. नववी आज्ञा मला फार जवळची वाटते. आजारपणात, लग्नात, मूल झालं की, प्रवासाला निघताना लोक नाना विधी करतात, आणि बायका तर त्यात पुष्कळच क्षुल्लक गोष्टी करतात, असं सम्राट तिथे सांगतो आणि त्यापेक्षा नोकराचाकरांशी नीट वागण्याचा विधी मोठा म्हणतो. बायकांना त्यानं क्षुल्लकाच्या खात्यात घातलं हे मला पटत नाही. पण त्या काळच्या घराघरात काय चाललं होतं याचा पत्ता त्याच तक्रारीतून लागतो, आणि ती आमच्या खाडीपलीकडच्या दगडावर आहे.

संग्रहालयात काचेमागे दिसतं ते थोडंच. खरी श्रीमंती नोंदवहीत असते. उत्खननात निघालेलं खापर आधी धुतात, सावलीत वाळवतात, मग त्याच्या आतल्या बाजूला बारीक शाईनं लिहितात: स्थळाची खूण, वर्ष, खड्डा, थर. मग काठ, बूड, पोट असे ढीग लावतात. एकात एक वर्तुळं काढलेल्या कागदावर काठाचा तुकडा धरायचा आणि तो कुठल्या वर्तुळावर बसतो ते बघायचं. भांड्याच्या तोंडाचा व्यास मिळतो. माती बारीक की जाड, चाकावरची की हाताची, भट्टीत किती भाजली, वर लेप आहे का, अशी पुढची वाटचाल. हे काम करणाऱ्यांचे दिवसच्या दिवस एका टोपलीत जातात. माझ्या मते पुरातत्त्वातलं सगळ्यात प्रामाणिक काम तेच आहे.

त्याचं फळ आमच्याच किनाऱ्यावर, उत्तरेला, संजाणला दिसलं. आज ते गुजरातेत उंबरगाव तालुक्यात येतं, पण डहाणूच्या लोकांना ते परकं वाटत नाही. २००२ ते २००४ या वर्षांत तिथे उत्खनन झालं. पश्चिम आशियातली निळसर-हिरव्या झिलईची भांडी, चिनी मातीची भांडी आणि लांबोडक्या, बुडाला निमुळत्या रांजणांचे तुकडे तिथे निघाले. या रांजणांना आतून डांबराचा लेप असतो. आतला पातळ माल झिरपू नये म्हणून तो लावत. इराण-इराककडून समुद्रावरून आलेलं ते भांडं रिकामं झाल्यावर इथेच फुटलं, इथेच पडलं. पारशी मंडळी संजाणला उतरली ही कथा आपण ऐकत आलो. त्या काळच्या बंदराची रोजची उलाढाल मात्र त्या डांबर लागलेल्या खापरांनी सांगितली.

संजाणच्या त्याच काळात स्वयंपाकघरापर्यंत नेणारी एक नोंद बोईसरशेजारच्या चिंचणीनं दिली. १९५५ मध्ये तिथे जमीन नांगरताना ताम्रपट निघाले. दिनेशचंद्र सरकारांनी ते वाचून छापले. त्यातला एक राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या वेळचा, शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा. तेव्हा संजाणचा कारभार मधुमती नावाच्या अरब अधिकाऱ्याकडे होता. मधुमती हे मुहम्मद या नावाचं संस्कृत वळण. राजानं नेमलेल्या या मुसलमान अधिकाऱ्यानं दोन प्रवाहांवर फुकट होड्या ठेवल्या आणि संजाणला एक अन्नछत्र घातलं. तिथे वाटसरूंना काय वाढायचे तेही ताम्रपटात आहे: तांदळाचा भात, कालवण आणि तूप. अकराशे वर्षं झाली, आणि कुणाच्या तरी पानातला भात तांब्यावर टिकून आहे.

फुकट होडीची गोष्ट तर याहूनही जुनी आहे. नाशिकच्या पांडवलेण्यातल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात आपली दानं मोजून सांगतो. त्यात इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि डाहणुका या सहा नद्यांवर त्यानं लोकांसाठी फुकट नावा ठेवल्याचं लिहिलं आहे. डाहणुका म्हणजे डहाणूची. आमच्यासारख्या खाडीकाठच्या माणसाला नाव चुकली की दिवस कसा बुडतो ते ठाऊक असतं. त्या नावांची एक फळीसुद्धा उरली नाही. दान नोंदलं गेलं म्हणून नाव उरली.

लेणी, ताम्रपट आणि स्तूप हे राजेलोकांच्या हातचं काम. घरातल्या वस्तूंना नोंद कोण देणार? महाराष्ट्रात ते एका चष्म्याच्या दुकानदारानं केलं. दिनकर गंगाधर केळकर, जन्म १८९६ चा. 'अज्ञातवासी' या नावानं ते कविता लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. तलवारी आणि चित्रं जमवणारे तेव्हाही होते. केळकरांनी अडकित्ते, दिवे, दौती, कुलपं, विळ्या, पानाचे डबे, पाय घासायच्या वज्र्या, भातुकलीची भांडी घेतली. मुलगा राजा लहानपणीच गेला. त्याच्या नावानं संग्रहालय उभं राहिलं. पत्नी कमलाबाईंनी या वेडाला संसारभर साथ दिली. पुण्याच्या बाजीराव रस्त्यावरची ती वास्तू आणि सुमारे २०,००० वस्तू १९७५ मध्ये त्यांनी राज्य शासनाच्या हवाली केल्या. कोथरूडहून आणून पुन्हा उभारलेला मस्तानी महाल बघायला तिथे गर्दी होते. मी वज्र्यांपाशी थांबतो. टाच घासायच्या एका वस्तूवर कुणीतरी मोर बसवला, कुणी हत्ती. ज्या बाईच्या हातात ती रोज असायची तिनं दिवसभर चूल, शेत, विहीर केली असेल. तिच्या वाट्याला आलेला तो मोर.

त्या दालनात उभं असताना मला आमचा किनारा आठवतो. इथलं घर पितळेनं भरलेलं नव्हतं. इथल्या वस्तू बांबूच्या, तागाच्या, लाकडाच्या, मातीच्या. खाऱ्या हवेत त्या दोन पिढ्याही धड टिकत नाहीत. नायलॉन आलं तसं तागाचं नि सुताचं जाळं गेलं. ऐनाच्या सालीच्या काढ्यात जाळी बुडवायची ती मोठी कढई गेली. खाडीच्या तळाला सापडायला ते खापर नव्हे.

शेतात, पायात, विहिरीत काही जुनं निघालं तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं, असा १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे. कळवण्याआधी हात लावू नये, जागेचा फोटो घ्यावा, किती खोलीवर निघालं ते मोजून ठेवावं. हे मी गावात सांगत असतो. माळ्यावरच्या वस्तूला असा कायदा नाही. म्हणून या दिवाळीत मी वही घेऊन काकीच्या माळ्यावर चढलो.

पहिली हाती लागली ती चाती. वीतभर लाकूड, खाली जड चकती, मधला भाग हातानं गुळगुळीत झालेला. मी वहीत लिहिलं: क्रमांक १. चाती. जाळ्याचं सूत पिळण्यासाठी. लांबी मोजली. लाकूड कशाचं ते काकीला विचारलं. खैराचं, ती म्हणाली. कुणाची? तिच्या आईची, माहेराहून आलेली. कधी वापरायचे? पावसाळ्यात, होड्या वर ओढल्या की नारळी पौर्णिमेपर्यंत. मी लिहीत गेलो आणि खाली जोडलं, 'मच्छीमारांचं अवजार'.

काकीनं ते वाचून दाखवायला लावलं. मग चाती माझ्या हातातून घेतली, मांडीवर ठेवून तळव्यानं एक झटका दिला, आणि ती गरगरत असताना म्हणाली, "मच्छीमारांचं नको लिहू. जाळं पुरुष विणायचे. सूत आम्ही बायका पिळायचो. ते लिही."

मी ओळ खोडली आणि तिनं सांगितलं तसं लिहिलं.