उचलली जीभ, मिळवल्या टाळ्या!

हॅलो, हॅलो... माईक टेस्टिंग, वन टू थ्री! मागच्या रांगेत ऐकू येतंय ना? मग चला भाषणांच्या भन्नाट दुनियेत. सोसायटीच्या गणपतीतलं आभारप्रदर्शन असो की ऑफिसातलं प्रेझेंटेशन, माईक हातात आला की भल्याभल्यांची बोलती बंद होते. आता हे 'भलेभले' म्हणजे कोण कोण, माहीत आहे का? यादी वाचून गार व्हाल!

बॅरिस्टरसाहेबांची त-त प-प

लंडनहून बॅरिस्टर होऊन आलेला एक तरुण मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिल्यावहिल्या केसमध्ये उलटतपासणीला उभा राहिला. डोकं गरगरायला लागलं आणि प्रश्न एकही सुचेना! 'दुसरा वकील बघा' म्हणत त्याने अशिलाची 30 रुपये फी परत करायला सांगितली आणि कोर्टातून काढता पाय घेतला. तरुणाचं नाव? मोहनदास करमचंद गांधी. पुढे याच माणसाच्या एका हाकेवर अख्खा देश रस्त्यावर उतरला.

'आत्ता नको, नंतर बोलतो'

11 सप्टेंबर 1893, शिकागोची सर्वधर्म परिषद. स्वामी विवेकानंदांचं नाव पुकारलं गेलं की ते आपली पाळी पुढे ढकलायचे. इतरांच्या हाती लिहून आणलेली भाषणं, यांच्याकडे कागदाचा कपटाही नाही. छातीत धडधडत होतं, जीभ कोरडी पडली होती, असं त्यांनीच नंतर पत्रात लिहिलंय. शेवटी दुपारनंतर उभे राहिले आणि पहिल्या संबोधनालाच टाळ्यांचा कडकडाट. घशाला कोरड पडणं हा नापास होण्याचा सिग्नल नाही, बरं का!

चर्चिल यांची विकेट

22 एप्रिल 1904. विन्स्टन चर्चिल ब्रिटिश संसदेत चिठ्ठीचपाटीशिवाय तडाखेबंद बोलत होते आणि अचानक ब्लँक! पुढचं वाक्य गायब. ऐकून घेतल्याबद्दल सभागृहाचे आभार मानले आणि मटकन खाली बसले. त्यानंतर मोठ्या भाषणाला टिपणं सोबत ठेवायची त्यांनी सवयच लावून घेतली. म्हणजे हातात कागद धरणं ही बिलकूल शरमेची गोष्ट नाही. कागदातून डोकंच वर न काढणं, ही आहे!

मरणापेक्षा माईक भारी?

'लोकांना मरणापेक्षा भाषणाची भीती जास्त वाटते' हा डायलॉग तुम्ही शंभरदा ऐकला असेल. त्याचं मूळ माहीत आहे का? 1973 चा एक अमेरिकन सर्व्हे. भाषणाच्या भीतीवर 41 टक्के लोकांनी टिक केलं, मृत्यूवर 19 टक्के. पण गोम अशी की, हव्या तेवढ्या भीतींवर टिक करायची मुभा होती! 2012 मध्ये अमेरिकी संशोधकांनी विद्यार्थ्यांना पुन्हा विचारलं. भाषणावर टिक पुन्हा सर्वात जास्त, पण 'सगळ्यात मोठी भीती कोणती?' म्हटल्यावर मृत्यूच पहिला. थोडक्यात, भाषणाची भीती पॉप्युलर, मरणाची टॉपर.

अहो, कुणी बघत नाहीये!

2000 साली प्रसिद्ध झालेला एक धमाल प्रयोग. कॉर्नेल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना गायक बॅरी मॅनिलो यांचा चेहरा छापलेला 'लाज आणणारा' टी-शर्ट घालून इतर मुलांच्या खोलीत पाठवलं. 'किती जणांच्या लक्षात येईल?' त्यांचा अंदाज: निम्म्यांच्या. प्रत्यक्षात? जेमतेम पाव! भाषणाचंही तसंच. 2003 च्या दुसऱ्या प्रयोगात दिसलं, की वक्त्याला आपली घबराट जितकी उघडी पडल्यासारखी वाटते, तितकी ती प्रेक्षकांना दिसतच नाही. आणि हे गुपित आधी कळलेल्यांची भाषणं चक्क सुधारली. आता तुम्हालाही कळलंय!

'शांत हो'? सोडा हो!

स्टेजवर जाताना स्वतःला काय बजावता? 'शांत राहा, शांत राहा'? हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रूक्स यांच्या 2014 च्या संशोधनात 'मी एक्सायटेड आहे' असं मोठ्याने म्हणून बोलायला उभे राहिलेले लोक 'मी शांत आहे' म्हणणाऱ्यांपेक्षा भारी ठरले. धडधड तीच, फक्त लेबल बदललं!

तोंडात गोटे, डोक्याचा अर्धा गोटा

प्राचीन ग्रीसचा सुपरस्टार वक्ता डेमॉस्थेनिस. त्याचा चरित्रकार प्लुटार्क सांगतो, की उच्चार सुधारायला हा पठ्ठ्या तोंडात गोटे धरून बोलायचा. रियाजासाठी तळघर बांधलं आणि बाहेर पडायचा मोहच नको म्हणून अर्धं डोकं भादरून घेतलं! अशा अवतारात बाहेर जाणार कोण? मग काय, दोन-तीन महिने नुसती प्रॅक्टिस. तुम्ही निदान आरशासमोर एकदा तरी बोलून बघा. न्हाव्याची गरज नाही.

टाइम प्लीज!

प्राचीन अथेन्सच्या कोर्टात वक्त्याची वेळ कशी मोजत, माहीत आहे का? पाण्याने! भांड्याच्या बुडातल्या भोकातून पाणी संपलं, की भाषण संपलं. उत्खननात सापडलेलं एक भांडं साधारण 6 मिनिटांत रिकामं होतं. आजचे नियमही काही कमी कडक नाहीत. टेडच्या मंचावर कमाल 18 मिनिटं. 2003 मध्ये टोकियोत जन्मलेल्या 'पेचाकुचा' नावाच्या प्रेझेंटेशनच्या प्रकारात 20 स्लाइड, प्रत्येकीला 20 सेकंद, म्हणजे 6 मिनिटं 40 सेकंदांत खेळ खल्लास. 1924 मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या टोस्टमास्टर्स क्लबात तर हिरवा, पिवळा, लाल सिग्नलच असतो! वर तुमचे 'अं... आं...' मोजायला एक सदस्य खास नेमलेला. आपल्या सभांमध्ये हा माणूस नेमला, तर त्याला ओव्हरटाइम द्यावा लागेल.

'दोन शब्द' म्हणजे नक्की किती?

आपल्याकडे पाहुण्यांना 'दोन शब्द' बोलायला सांगतात आणि पंगतीत भात थंड होतो. 19 नोव्हेंबर 1863 ला अमेरिकेतल्या गेटिसबर्गला काय झालं पाहा. मुख्य वक्ते एडवर्ड एव्हरेट सुमारे 2 तास बोलले. मग अब्राहम लिंकन उठले. जेमतेम 270 शब्द, 2-3 मिनिटं, फिनिश! दुसऱ्याच दिवशी एव्हरेट यांनी पत्र लिहून दिलखुलास कबूल केलं, की तुम्ही 2 मिनिटांत जे गाठलंत, ते मला 2 तासांत जमलं नाही.

भाषण घातक की तारक?

अमेरिकी राष्ट्राध्यक्षांचं सर्वात छोटं शपथविधी भाषण जॉर्ज वॉशिंग्टन यांचं: 1793, अवघे 135 शब्द. सर्वात लांब विल्यम हेन्री हॅरिसन यांचं: 1841, तब्बल 8,445 शब्द, तेही गारठ्यात ओव्हरकोटविना. महिन्याभरात ते वारले. खापर वर्षानुवर्षं भाषणावर फुटलं. 2014 मध्ये संशोधकांनी दुसराच संशयित पुढे आणला: व्हाइट हाउसचं दूषित पाणी!

उलट थिओडोर रूझवेल्ट यांना लांबलचक भाषणानेच वाचवलं. 14 ऑक्टोबर 1912 ला मिलवॉकीत त्यांच्यावर गोळी झाडली गेली. खिशात चष्म्याची धातूची डबी आणि घडी घातलेलं 50 पानी भाषण. गोळी छातीत शिरली, पण तिचा जोर ओसरला होता. पठ्ठ्याने दवाखाना नंतर गाठला, आधी तासाहून जास्त वेळ भाषण ठोकलं!

चऱ्हाट चॅम्पियन्स

1960 मध्ये संयुक्त राष्ट्रांत फिडेल कॅस्ट्रो यांनी 'थोडक्यात बोलण्याचा प्रयत्न करतो' असं सुरुवातीलाच सांगितलं आणि बोलले 4 तास 29 मिनिटं! पण भारतीय कॉलर टाइट करा. जानेवारी 1957 मध्ये सुरक्षा परिषदेत व्ही. के. कृष्ण मेनन काश्मीरवर लागोपाठच्या बैठकांत मिळून जवळपास 8 तास बोलले होते.

अमेरिकी सिनेटमध्ये तर एप्रिल 2025 मध्ये कोरी बुकर यांनी 25 तास 5 मिनिटं बोलून नवा विक्रम केला. आधीचा 24 तास 18 मिनिटांचा विक्रम स्ट्रॉम थरमंड यांचा, 1957 चा. मध्येच बाथरूमला जावं लागू नये म्हणून थरमंड यांनी आधी स्टीम बाथ घेऊन अंगातलं पाणी काढलं होतं! त्यांनी विरोध केला तो नागरी हक्कांच्या विधेयकाला, तारीख 28 ऑगस्ट. बरोब्बर 6 वर्षांनी त्याच तारखेला मार्टिन ल्यूथर किंग यांनी 'स्वप्ना'चं भाषण केलं. आता सांगा, लक्षात कोणाचं राहिलं?

आणि हो, तो स्वप्नाचा भाग लिहून आणलेल्या मजकुरात नव्हताच! गायिका महेलिया जॅक्सन मागून ओरडल्या, 'मार्टिन, स्वप्नाचं सांग!' किंग यांनी कागद बाजूला सारला. पुढे घडला तो इतिहास. पण थांबा, स्वप्नाची ती कल्पना त्यांनी आधीच्या भाषणांत मांडून घोटलेली होती. उत्स्फूर्तपणालाही तालीम लागते!

पॉइंट कमी, पॉवर जास्त

पॉवरपॉइंट पहिल्यांदा कोणत्या कॉम्प्युटरवर आलं? ॲपलच्या मॅकिंटॉशवर, 1987 मध्ये! त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने 1 कोटी 40 लाख डॉलर मोजून ते बनवणारी कंपनीच उचलली. मग सुरू झाला स्लाइडचा महापूर. अफगाणिस्तान युद्धावरची रेषांचं जंजाळ असलेली एक स्लाइड पाहून अमेरिकी जनरल मॅकक्रिस्टल म्हणाले होते, ही स्लाइड समजली की युद्ध जिंकलंच म्हणा! जेफ बेझोस यांनी 2004 मध्ये ॲमेझॉनच्या वरिष्ठ बैठकांतून पॉवरपॉइंटला चक्क नारळ दिला. त्याऐवजी लेखी टिपण, आणि मीटिंगच्या सुरुवातीला सगळे गप्प बसून वाचणार. एकेकाळी ॲपलचा प्रचार करणाऱ्या गाय कावासाकी यांचा फंडा आणखी सोपा: 10 स्लाइड, 20 मिनिटं, 30 पॉइंटचा फॉन्ट. बाकीचं तोंडाने सांगा ना!

मच्छर, मेंदू आणि 4,000 लाटे

2009 मध्ये मलेरियावर बोलताना बिल गेट्स यांनी टेडच्या सभागृहात खरेखुरे डास सोडले. (निरोगी होते, खाजवू नका!) त्याआधी 2008 मध्ये मेंदूशास्त्रज्ञ जिल बोल्ट टेलर यांनी स्टेजवर खराखुरा मानवी मेंदू आणला होता. आणि 2007 मध्ये पहिला आयफोन दाखवताना स्टीव्ह जॉब्स यांनी भर कार्यक्रमातून कॉफीशॉपला फोन लावून 4,000 लाटे मागवल्या, मग 'राँग नंबर' म्हणून फोन ठेवला! एक चीज दाखवा, दहा स्लाइड वाचतील.

मराठी मंच, झिंदाबाद!

पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानडे यांनी 1875 मध्ये सुरू केली. म्हणजे टेडपेक्षा शतकभराने सीनियर! आणि आचार्य अत्रे? कौतुक असो की टीका, 'गेल्या दहा हजार वर्षांत' असं काही झालेलं नसायचंच! अतिशयोक्तीचा ट्रेडमार्क असावा तर असा.

तर मंडळी, जन्मजात वक्ता वगैरे काही नसतं. गांधी अडखळले, चर्चिल विसरले, विवेकानंदांनी पाळी ढकलली, तर तुमचे पाय लटपटले म्हणून काय बिघडलं? सांगायचं एकच ठेवा, आधी मोठ्याने बोलून बघा, घड्याळ समोर ठेवा. आणि 'वेळेअभावी थांबतो' असं जाहीर करून आणखी दहा मिनिटं खाऊ नका. सरळ थांबा!