शालिमार : बाग, बाटली आणि एका मुलाची बोटे

गेल्या हिवाळ्यात दुबईहून आलेल्या आपांनी आमच्या हाती निळ्या बुचाची एक बाटली ठेवली. नाव 'शालिमार'. बूच काढताच धाकटा म्हणाला, "अम्मी, कस्टर्ड!" तो फारसा चुकला नव्हता. या सुगंधाचा जीव व्हॅनिलातच आहे.

शालिमार बाग जहांगीर बादशहाने 1619 मध्ये श्रीनगरला उभारली. शाहजहान आणि मुमताज यांच्या प्रेमकथेवरून हे नाव सुचले, असे सांगतात. पॅरिसच्या जाक गेर्लां यांनी 1925 च्या प्रदर्शनात हा परफ्यूम जगासमोर आणला. सुरुवातीला लिंबाच्या जातीच्या बर्गमॉटचा ताजेपणा येतो, मग गुलाब आणि मोगऱ्याच्या कुळातली चमेली. शेवटी उरते ती व्हॅनिलाची ऊब, अंगाला बिलगून राहणारी.

ही ऊब थंडीतच खुलते. उन्हाळ्यात असा जड सुगंध एकदम उसळतो आणि डोके जड करतो. गार हवेत तो हळूहळू उडतो. शालीला, स्वेटरला रात्रभर धरून राहतो. आपल्याकडेही खस उन्हाळ्याचा आणि शमामा, हिना थंडीचे, हे जुने अत्तरवाले जाणतातच. सुगंध आपल्या पैगंबरांना (स.) प्रिय होता. पती-पत्नीने घरात एकमेकांसाठी सुगंध लावावा, यात संकोच कसला? मात्र मनगटावर आणि कानामागे एकेक थेंब पुरे.

पण आम्हाला बाटलीपेक्षा एका मुलाची गोष्ट जास्त लक्षात राहिली. व्हॅनिला ही मूळची मेक्सिकोची वेल, ऑर्किडच्या कुळातली. तिचे फूल एकच दिवस उमलते. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर वेली वाढत, पण शेंगा धरत नसत. 1841 मध्ये एडमंड नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने बारीक काडीने फुलातला पडदा उचलला आणि अंगठ्याने पराग दाबून बसवला. शेंग धरली! त्याच रीतीने आजही मादागास्करपासून आपल्या कर्नाटक-केरळपर्यंत एकेक फूल हाताने फळवले जाते. हिरव्या शेंगेला वास नसतो. कित्येक महिने उबवून, सुकवून तो येतो.

1848 मध्ये गुलामी संपली, तेव्हा त्याला अल्बियस हे आडनाव मिळाले. पैसा मात्र मळेवाल्यांनी कमावला. 1880 मध्ये एडमंड गरिबीतच वारला.

पुढे प्रयोगशाळेतही व्हॅनिलाचा वास तयार होऊ लागला, आणि शालिमारमध्येही तसला वापरला गेला. तरी ही गोडी घराघरांत पोहोचायला वाट मोकळी केली ती त्या मुलाने.

आम्ही ही गोष्ट वर्गात सांगितली, तेव्हा एका मुलीने विचारले, "सर, मग बाटलीवर त्याचं नाव का नाही?" उत्तर आमच्याकडे नव्हते. या थंडीत कुणाला सुगंध भेट द्याल, तेव्हा बादशहाच्या बागेबरोबर एडमंडचे नावही जरूर सांगा.