बिल पडलं का?



गळीत हंगाम सुरू झाला की पारावर, डेअरीवर एकच सवाल कानी येतो, "बिल पडलं का?" आता पडलं म्हणजे खात्यावर पडलं. जुन्या मंडळींना वेगळे दिवस आठवत असतील. बँकेच्या शाखेपुढे रांग, शिपायाने पुकारलेले नाव, कोपरीच्या आतल्या खिशात नोटा आणि दिवस मावळायच्या आत घर गाठायची घाई. घरी नोटा देवापुढे ठेवायच्या, मग सगळ्यांदेखत मोजायच्या. पैका किती आला नि कुठे जाणार, हे त्या मोजणीत कारभारणीलाही कळायचे.

रोकड काही एका दिवसात हटली नाही. आधी बिले खात्यावर जमा होऊ लागली. २०१४ च्या ऑगस्टात जनधन योजना आली, २०१६ मध्ये यूपीआय आले. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या. आपल्याला खरा दणका बसला तो पुढच्या आठवड्यात. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांनी जुन्या नोटा घेऊ नयेत, असा रिझर्व्ह बँकेचा हुकूम १४ नोव्हेंबरला निघाला. शेतकऱ्याचे खाते तिथेच, अन् तिथेच त्याची नोट चालेना! या बँकांकडे आधी जमा झालेल्या नोटा रिझर्व्ह बँकेत भरायला परवानगी मिळाली ती थेट जून २०१७ मध्ये. आता तर चहाच्या टपरीवरही ठिपक्यांचा चौकोन चिकटवलेला असतो.

खात्यावरच्या पैशाचा एक मोठा गुण म्हणजे तारीख. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. उशीर झाला तर साल १५ टक्के व्याज. एका हातात काट्याची पावती, दुसऱ्या हातात पासबुक धरा, दिवस बोटांवर मोजता येतात. हे आम्ही कारखान्याच्याच अंकात लिहितो आहोत, पण सभासदाने हिशेब मागू नये तर कुणी मागावा? सोसायटीची वसुली वगैरे कापून उरलेलाच आकडा खात्यावर दिसतो, म्हणून बिलाचा कागदही मागून घ्यावा.

घरातली मोजणी मात्र गेली. बाप सभासद, फोन पोराचा. शेअर बाईच्या नावावर, कार्ड दिराच्या खिशात. बिल पडल्याचा संदेश तिसऱ्याच्याच फोनवर वाजतो. तेव्हा ज्याचे खाते त्याचाच नंबर बँकेत नोंदवा. साधा बटणांचा फोनही चालतो; मार्च २०२२ पासून त्यावरूनही यूपीआयने पैसे पाठवता येतात. आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा, पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायलाच लागतो. "बिल जमा करतो, पिन टाका" म्हणणारा चोरच समजावा. फसगत झालीच तर लागलीच १९३० वर फोन करावा, जेवढा उशीर तेवढा पैसा लांब जातो.

एका ठिकाणी रोकड अजून ठाण मांडून आहे, ते म्हणजे ऊसतोडीची उचल. हंगामाआधी मुकादमाच्या हाती नोटा जातात, हिशेब त्याच्या वहीत. टोळी आली नाही तर वाहतूकदार सभासद बुडतो, पुरावा नसतो. टोळी आली, तर वहीतले कर्ज किती फिटले हे तोडणाऱ्याला ठाऊक नसते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, पण पैसा एकाच्याच हाती. मोळ्या बांधून डोक्यावर वाहणाऱ्या बाईने स्वतःची मजुरी स्वतःच्या नावावर पाहिलेलीच नसते.

येत्या कराराच्या वेळी वाहतूकदार सभासदांनी उचल खात्यावरच द्यावी, तीही जोडीतल्या दोघांच्या नावे निम्मी-निम्मी, असे आमचे मत आहे. मुकादम कुरकुर करतील. करू द्या.