वजनकाट्याला न दिसणारी चरबी

मध्यंतरी एक आई आपल्या तेवीस वर्षांच्या लेकीला घेऊन दवाखान्यात आल्या. पाळी अनियमित, एवढीच तक्रार. मुलीची उंची १५५ सेंटिमीटर, वजन ५० किलो. चारचौघी तिला शेलाटीच म्हणतील. मी टेपने कंबर मोजली, ती भरली ८४. "अहो डॉक्टर, हिला जाड म्हणायचं?" आई जवळजवळ रागावल्याच.

जाड नाही, पण अंगात चरबी जास्त आहे. वजनकाटा हाडं, स्नायू, पाणी, चरबी सगळं एकाच तागडीत टाकतो. स्नायू कमी आणि चरबी अधिक असली, तरी बेरीज तीच!

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आपल्या दोघांचाच फोटो छापला. बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, दोघांचा सारखाच, २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! पुणे परिसरातली नवजात बाळंही इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच हलकी, स्नायूंनी किरकोळ, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने राखून असलेली आढळली. म्हणजे ही पुंजी आपण पोटातूनच घेऊन येतो.

बायकांच्या अंगात चरबी पुरुषांपेक्षा अधिक असायचीच. पाळी, बाळंतपण यांसाठी ती लागतेही. पण ती यकृतात आणि आतड्यांभोवती साठली, की इन्शुलिनला शरीर नीट दाद देत नाही. मग पाळी बिघडू शकते, गरोदरपणात साखर वाढू शकते.

या मुलीचा दिवस मी विचारला. सकाळी चहा-बिस्किटं, डबा अर्धा परत, गुरुवारी उपास आणि उपासाला साबुदाण्याची खिचडी. वजन वाढू नये म्हणून हे सगळं! अशा अर्धपोटी राहण्यात स्नायूही झडतात. तिला मी जेवण कमी करायला नव्हे, वाढवायला सांगितलं. डाळ, उसळ, दही, अंडी चालत असतील तर अंडी. आणि आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचलण्याचा व्यायाम. रक्तही तपासलं. उपाशीपोटीची साखर १०८ निघाली. मधुमेह नव्हे, पण त्याच्या वाटेवरची.

घरी मोजायचं तर शिंप्याची टेप पुरते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता. सलवारीच्या नाडीवर नव्हे! आपल्याकडच्या बायकांसाठी मर्यादा ८० सेंटिमीटरची.

निघताना आईंनी टेप मागून घेतली आणि पडद्याआड जाऊन स्वतःचीही कंबर मोजली. आकडा काही मला सांगितला नाही.