माजी सैनिकाच्या बेवारस अस्थी आणि अंत्यविधी व्यावसायिकाची कायदेशीर जबाबदारी



आपल्याकडे कोणी वारले की भाऊबंद, शेजारीपाजारी जमतात, अंत्यविधी पार पाडतात आणि पुढे घरचीच माणसे स्मशानात जाऊन अस्थी गोळा करतात. अमेरिकेत हे काम बहुतेक राज्यांत परवानाधारक व्यावसायिकाकडे असते. त्याला तेथे ‘फ्यूनरल डायरेक्टर’ म्हणतात. मृतदेह ताब्यात घेणे, मृत्यूची नोंद करणे, दहनाची परवानगी मिळवणे आणि दहनानंतर अस्थी कुटुंबाच्या हाती देणे ही सर्व कामे तो करतो. त्याच्या ताब्यातील अस्थी देशासाठी लढलेल्या सैनिकाच्या असतील आणि त्या न्यायला कोणी आलेच नाही, तर कायदा काय सांगतो, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

फळीवरचे डबे

अमेरिकेत पूर्वी दफन अधिक होत असे. २०१६ च्या सुमारास दहनाचे प्रमाण निम्म्याच्या वर गेले. दहनानंतर सुमारे दोन ते तीन किलो रक्षा उरते. ती नाव व क्रमांक लिहिलेल्या डब्यात ठेवतात. काही डबे न्यायला कोणीच येत नाही. कोठे वृद्ध एकटाच राहत होता, कोठे घरात भांडण होते, कोठे बिल भरायला पैसे नव्हते. व्यावसायिकाला अस्थी टाकून देता येत नाहीत. उद्या मुलगा आला आणि त्याने दावा ठोकला तर काय, ही भीती असते. म्हणून डबे फळीवर राहतात. काही तर कित्येक दशके. अशा डब्यांत माजी सैनिकांच्या अस्थीही सापडल्या. त्या शोधून सन्मानाने पुरण्यासाठी ‘मिसिंग इन अमेरिका प्रोजेक्ट’ ही स्वयंसेवी संस्था काम करते.

कायदा काय सांगतो?

अंत्यविधीचे कायदे मुख्यतः राज्यांचे असल्यामुळे ते सर्वत्र सारखे नाहीत. तरी अनेक राज्यांच्या कायद्यांचा सर्वसाधारण क्रम असा दिसतो :

१) अस्थींची ओळख पुसली जाऊ नये, दोघांच्या अस्थी परवानगीवाचून एकत्र होऊ नयेत आणि सर्व नोंदी जपून ठेवाव्यात.

२) ठरावीक मुदत वाट पाहावी. ही मुदत राज्यागणिक बदलते.

३) नातेवाइकांना शोधून लेखी कळवावे.

४) मृत व्यक्ती सैन्यात होती काय, याची सरकारी खात्याकडे किंवा मान्यताप्राप्त माजी सैनिक संघटनेमार्फत चौकशी करावी.

५) ती पात्र ठरल्यास अस्थी सैनिकी दफनभूमीत दफनासाठी सोपवाव्यात.

विद्यार्थ्यांनी येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. काही राज्यांत कायदा ‘सोपवू शकेल’ असे म्हणतो, तर काही ठिकाणी ‘सोपविलेच पाहिजे’ असे म्हणतो. पहिल्यात मुभा आहे, दुसऱ्यात कर्तव्य आहे. क्रियापदाच्या एका रूपावर एखाद्या सैनिकाचे फळीवर राहणे किंवा मातीत विसावणे ठरते. आणखी एक तरतूद महत्त्वाची आहे : नियम पाळून सद्‌हेतूने अस्थी सोपविणाऱ्यावर पुढे दावा चालू नये, असे संरक्षण अनेक कायद्यांनी दिले. नुसते कर्तव्य सांगून भागत नाही. ते बजावणाऱ्याची भीतीही काढावी लागते.

केंद्र सरकारनेही यात लक्ष घातले. १० जानेवारी २०१३ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी सही केलेल्या कायद्यानुसार, बेवारस अस्थी माजी सैनिकाच्या आहेत काय हे ठरविण्यास माजी सैनिकांसाठीच्या खात्याने मदत करावयाची आहे. ज्याला वारस नाही व पुरेसा पैसाही नाही, अशा सैनिकाच्या शवपेटीचा किंवा अस्थिकलशाचा खर्च देण्याचीही सोय त्यात आहे.

ओळख पटवायची कशी?

सैनिकाची सेवा सिद्ध करणारा मुख्य कागद म्हणजे सेवामुक्तीचा दाखला, ‘डीडी २१४’. तो घरात नसेल तर सेंट लुईस येथील सैनिकी अभिलेख केंद्राकडे विचारावे लागते. तेथे १२ जुलै १९७३ रोजी मोठी आग लागली आणि १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली जळाल्या. १९१२ ते १९५९ या काळात सेवामुक्त झालेल्या भूदलाच्या सैनिकांच्या सुमारे ८० टक्के नोंदी त्यात गेल्या. दोन्ही महायुद्धांचे सैनिक याच काळातले. त्यांची सेवा मग इतर कागदांतून सिद्ध करावी लागते.

पात्रता ठरल्यावर राष्ट्रीय दफनभूमीत जागा, शिळा व कायमची देखभाल विनामूल्य मिळते. किमान दोन गणवेशधारी सैनिक येतात, राष्ट्रध्वजाची घडी घालतात, बिगुलाची धून वाजते. नातेवाईक नसेल तर स्वयंसेवक पुढे होऊन ध्वज स्वीकारतात.

शिळेवर सैनिकाच्या श्रद्धेचे चिन्ह कोरता येते. मान्य चिन्हांच्या सरकारी यादीत बौद्धांचे धम्मचक्रही आहे. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकनांच्या ४४२ व्या रेजिमेंटमध्ये अनेक बौद्ध जवान लढले. त्या काळी जवानाच्या गळ्यातील ओळखपट्टीवर ‘बौद्ध’ म्हणून अक्षर नव्हते, हे ध्यानात घेतले म्हणजे शिळेवरच्या चक्राचे मोल कळते.

आपल्यासाठी बोध

१९४१ साली बेळगाव येथे उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटपासून आजपर्यंत आपल्या कित्येक घरांतून जवान गेले. आपल्याकडे अस्थी फळीवर राहत नाहीत, पण कागद मात्र हरवतात. म्हणून ज्यांच्या घरी माजी सैनिक आहेत त्यांनी एवढे करावे : डिस्चार्ज बुक व पेन्शनचे कागद एका जागी ठेवावेत, त्यांच्या प्रती काढाव्यात, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंद आहे ना हे पाहावे आणि घरातील तरुणांना त्याची माहिती द्यावी. वस्तीत एखादे वृद्ध माजी सैनिक एकटे राहत असतील तर विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडे जावे, त्यांचे कागद लावून द्यावेत आणि त्यांची हकीकत लिहून घ्यावी. माणूस गेल्यावर त्याची ओळख शोधत बसण्यापेक्षा तो असतानाच ती जपणे सोपे आहे.