बातमीमागची बातमी : भाग ६
दोन याद्या समोरासमोर

गेल्या आठवड्यात शासकीय नस्ती कशी वाचायची ते पाहिलं. टिपणीचा भाग कुठला, पत्रव्यवहाराचा कुठला, आणि कोणाच्या सहीखाली कोणती तारीख आहे हे आधी का बघायचं, ही चर्चा झाली. आता पुढचा प्रश्न. कागद हाती आला, पण त्यातून बातमी कशी उभी राहते? त्यासाठी महाराष्ट्रातलंच एक प्रकरण घेऊ.

३१ ऑगस्ट १९८१ रोजी ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये अरुण शौरी यांचा सविस्तर वृत्तान्त प्रसिद्ध झाला. मुख्यमंत्री बॅ. अ. र. अंतुले यांनी पंतप्रधानांच्या नावानं काढलेलं ‘इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान’ आणि त्यासारखे इतर न्यास, त्यांना मिळालेल्या देणग्या आणि देणाऱ्यांना सरकारकडून मिळालेल्या सवलती हा त्याचा विषय. सवलतींमध्ये सर्वांत गाजलं ते सिमेंट.

सिमेंटच का? नव्या बातमीदारानं इथं जरा थांबावं, कारण आजच्या वाचकाला हे आपोआप कळणार नाही. त्या काळी सिमेंटची किंमत सरकार ठरवत असे आणि माल कायम अपुरा असे. कोट्यातून मिळालं तर सरकारी दर, नाहीतर काळा बाजार. या दोन दरांमधला फरक म्हणजे रोख पैसा, आणि तो कोणाच्या पदरात पडेल हे परवाना मंजूर करणाऱ्याच्या मर्जीवर ठरे. एवढं सांगितलं नाही, तर ‘बांधकाम व्यावसायिकानं न्यासाला देणगी दिली, त्यात वावगं काय?’ असं वाचक विचारेल, आणि त्याचं चुकणार नाही. शोध लागला तरी त्याचा अर्थ उलगडून दाखवणं राहतंच. माझ्या मते आपल्याकडच्या निम्म्या चांगल्या बातम्या इथंच वाया जातात. कागद खरा असतो, पण त्याच्यामागची व्यवस्था कोणी समजावून सांगत नाही.

आता पद्धत. सिमेंट कोणाला मिळालं याची एक यादी, देणगी कोणी दिली याची दुसरी. दोन्ही समोरासमोर ठेवायच्या. नुसती नावं जुळवून भागत नाही. प्रत्येक नावापुढं मंजुरीची तारीख, पोत्यांची संख्या, धनादेशाची तारीख, रक्कम आणि सही कोणाची, हे सगळं लिहून काढायचं. देणगी आणि मंजुरी आठ-पंधरा दिवसांच्या अंतरानं येत असतील आणि पोती वाढली की रक्कमही वाढत असेल, तर योगायोग म्हणणं कठीण होत जातं. नावं सरळ जुळतीलच असं नाही. अर्ज एका भागीदारी संस्थेचा आणि धनादेश दुसऱ्या कंपनीचा, असंही असतं. मग पत्ता बघा, भागीदारांची नावं बघा, नोंदणी कार्यालयातून उतारा काढा. हे काम कंटाळवाणं आहे. ते दुसऱ्यावर सोपवू नका.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. देणगी न देता सिमेंट मिळालेले किती? देणगी देऊनही हात हलवत परत गेलेले किती? आपल्या संशयाच्या विरुद्ध जाणारी ही नावं मुद्दाम शोधायची. ती खूप निघाली तर बातमी थांबवायची, थोडी निघाली तर बातमीतच सांगायची. उद्या न्यायालयात समोरचा वकील हेच विचारणार असतो.

या प्रकरणात न्यायालयाची वेळ लवकरच आली. प. बा. सामंत आणि इतरांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. बख्तावर लेंटिन यांनी १२ जानेवारी १९८२ रोजी निकाल दिला. सिमेंटचं वाटप आणि देणग्या यांचा संबंध त्यांनी मान्य केला आणि अंतुले यांनी राजीनामा दिला. त्याच वर्षी फेब्रुवारीत केंद्रानं सिमेंटवरचं नियंत्रण अंशतः उठवलं.

गोष्ट इथं संपत नाही, आणि बातमीदारानं ती इथं संपवूही नये. फौजदारी खटला वर्षानुवर्षं चालला. तो विशेष न्यायालयातून उच्च न्यायालयाकडे वर्ग करण्याचा स्वतःचाच आदेश सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठानं १९८८ मध्ये चुकीचा ठरवला. अंतुले पुढं केंद्रात मंत्रीही झाले. आरोप पहिल्या पानावर छापणाऱ्यानं हा पुढचा प्रवासही तितक्याच नेकीनं छापला पाहिजे.

१९८१ मध्ये माहितीचा अधिकार नव्हता. कागद बाहेर यायचे ते आतल्या माणसांच्या धैर्यामुळं. आज २००५ चा कायदा आहे. त्याच्या कलम ४ नुसार, सवलती, परवाने किंवा अधिकारपत्रं कोणाला दिली याचा तपशील प्रत्येक कार्यालयानं स्वतःहून प्रसिद्ध करायचा असतो. म्हणजे पहिली यादी मागण्याचीही गरज पडू नये. नसेल, तर अर्ज करा आणि नस्तीची प्रत्यक्ष पाहणी मागा. नुसत्या छायाप्रतींवर समाधान मानू नका, कारण समासातला शेरा पुष्कळदा प्रतीत पुसट येतो. न्यासांचे हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात दाखल होतात. दुसऱ्या यादीचा माग तिथून लागू शकतो.

या आठवड्याचा अभ्यास : आपल्या तालुक्यातलं एखादं अनुदान, परवाना किंवा भूखंडवाटप निवडा आणि लाभार्थ्यांची पूर्ण यादी मिळवा. नाव, तारीख, रक्कम, मंजूर करणारा असे रकाने पाडून ती हातानं लिहून काढा. अजून कोणावर संशय घेऊ नका आणि कोणाशी बोलूही नका. यादीत नाव असलेल्या माणसासमोर प्रश्न घेऊन कसं जायचं, त्याला उत्तरासाठी किती वेळ द्यायचा आणि त्याचं म्हणणं बातमीत कुठं घ्यायचं, हे पुढच्या भागात पाहू. त्याआधी वही तयार ठेवा.