कंधारास एक मुक्काम : थोड्या खर्चांत, सहकुटुंब

दिवाळीची सुटी जवळ आली म्हणजे घरोघर प्रवासाच्या गोष्टी निघूं लागतात. मुलें गांवांचीं नांवें सुचवितात, वडील मंडळी सुटीचे दिवस मोजतात, आणि शेवटीं हिशेबाची वेळ आली कीं यादींतून एकेक माणूस गळूं लागतें. प्रथम आजी गळते. ‘तिला ही दगदग कशी सोसणार’ असें म्हणून. मग आजोबा घर राखण्यास राहतात, आणि दोघांच्या जेवणाखाणासाठीं एक सून मागें राहते. अशा रीतीनें आठ माणसांच्या कुटुंबांतून पांच माणसें प्रवासास निघतात, व उरलेल्या तिघांच्या वांट्यास परत आलेल्यांचीं छायाचित्रें तेवढीं येतात. दगदगीचें कारण पुढें केलें जातें खरें. पण तिच्या आड बहुधा खर्चच उभा असतो. हा खर्च नीट आंखला तर ह्या तिघांनीं मागें राहिलेंच पाहिजे काय, याचा विचार आज आम्ही एका गांवाचें उदाहरण घेऊन करणार आहों. तें गांव म्हणजे नांदेड जिल्ह्यांतील कंधार.

कंधारच कां?

पहिलें कारण असें कीं, येथील किल्ला डोंगरी नसून भुईकोट आहे. गड चढण्याचा प्रश्न येथें येत नाहीं. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनाही वाटेंत बसत उठत तो पाहतां येतो. भक्कम तट, त्याच्या भोंवतीं पाण्याचा खंदक, आणि आंत राणी महाल, लाल महाल, शीश महाल, दरबार महाल अशा नांवांनीं ओळखल्या जाणाऱ्या वास्तु, असें याचें स्वरूप आहे.

दुसरें कारण इतिहासाचें. किल्ल्याची मूळ उभारणी राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्याकडे नेली जाते. हा राजा दहाव्या शतकांत मान्यखेट, म्हणजे हल्लींचें कर्नाटकांतील मालखेड, येथून राज्य करीत होता, आणि ‘कंधारपुराधीश्वर’ असें बिरुद त्यास लाविलें जाई. गांवालगतचा ‘जगत्तुंग समुद्र’ नांवाचा तलाव राष्ट्रकूटांचीच आठवण सांगतो. कारण जगत्तुंग हें त्या कुळांतील राजांचें नांव. पुढें बहामनी, अहमदनगरची निजामशाही, १६३१ पासून मोगल आणि त्यानंतर हैदराबादचे आसफजाही अशा राजवटी येथें झाल्या. सप्टेंबर १९४८ मध्यें हैदराबाद संस्थान भारतांत विलीन झालें, तेव्हां हा मुलूखही मुक्त झाला. निजामशाहीचा कर्ता पुरुष मलिक अंबर याच्या काळच्या खुणा किल्ल्यांत आहेत, आणि भिंतींवरील अरबी-फारसी लेखांत येथें राबलेल्या तुर्की स्थापत्यविशारदांचीं नांवें आढळतात. एका तटाच्या आंत हजार वर्षांचा इतिहास मुलांस बोटानें दाखवितां यावा, अशीं स्थळें मराठवाड्यांतही मोजकींच आहेत.

संस्कृतांत ‘कम्’ म्हणजे जल, आणि तें धारण करणारा तो ‘कंधर’, म्हणजे मेघ. गांवाच्या नांवाची ही व्युत्पत्ति आम्ही इतिहास म्हणून सांगत नाहीं. परंतु खंदक व तलाव पाहून परतणाऱ्या विद्यार्थ्याच्या मनांत हा शब्द कायमचा ठसेल, एवढें मात्र खचित.

मुक्काम कोठें करावा?

पुष्कळ लोक नांदेडास दोन रात्री राहतात, आणि मधल्या दिवशीं मोटार ठरवून कंधार ‘उरकून’ येतात. अंतर सुमारें पन्नास किलोमीटरच असल्यामुळें हा बेत सुटसुटीत वाटतो. पण त्यांत घडतें काय तें पाहावें. आठ माणसांचीं स्नानें, चहा-फराळ आणि औषधें आटोपून गाडी हलेपर्यंत नऊ वाजतात, आणि किल्ल्याच्या दाराशीं पोहोंचेपर्यंत ऊन डोक्यावर येतें. मराठवाड्याचें ऊन कार्तिकांतही सौम्य नसतें. मुलें धांवत आंत जातात, आणि आजी-आजोबा दाराजवळच्या सावलींत बसून राहतात. म्हणजे त्यांना बरोबर आणूनही त्यांचें पाहणें राहून जातें.

याउलट दुपारच्या बसनें कंधारास जावें, सामान टाकून विश्रांति घ्यावी, संध्याकाळीं तलावाच्या कांठीं फिरावें, आणि दुसऱ्या दिवशीं किल्ला उघडतांच आंत जावें. त्या वेळीं हवा गार असते, दगड तापलेले नसतात, आणि कोणास घाई नसते. येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. या बेतांत मुक्कामाची रात्र वाढत नाहीं, केवळ तिची जागा बदलते. नांदेडच्या दोन रात्रींऐवजीं एक नांदेडास व एक कंधारास, इतकाच फरक. खोलीचें भाडें कोठेंही द्यावयाचेंच आहे. तेंच जर कंधारास दिलें तर त्यांत किल्ल्याची सकाळ फुकट मिळते.

हिशेबाची रीत

आतां पैशांकडे वळूं. सरासरी कुटुंब असें धरूं : आजोबा ७७ वर्षांचे, आजी ७० वर्षांच्या, दोन मुलगे, दोन सुना, एक नातू १४ वर्षांचा व एक नात १० वर्षांची. राज्य परिवहन मंडळाच्या गाडीनें जावयाचें तर २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षें पूर्ण झालेल्यांस प्रवास विनामूल्य आहे, व ६५ ते ७५ या वयांतील ज्येष्ठांस निमें भाडें आहे. १७ मार्च २०२३ पासून सर्व वयाच्या स्त्रियांस निमें भाडें पडतें, आणि १२ वर्षांखालील मुलांस अर्धें तिकीट असतेंच. म्हणजे आजोबांचें कांहीं नाहीं, आजींचें अर्धें, दोन मुलग्यांचीं दोन, दोन सुनांचें मिळून एक, नातवाचें एक, नातीचें अर्धें. आठ माणसांचा प्रवास पांच तिकिटांत होतो. शिवाय यांतील गंमत अशी कीं, जीं माणसें खर्चाच्या भीतीनें मागें ठेवलीं जातात, त्याच आजी, आजोबा व सून यांचा मिळून खर्च अवघ्या एका तिकिटाचा आहे. वयाच्या दाखल्यासाठीं आधार कार्ड मात्र हातांशीं ठेवावें; तें ट्रंकेच्या तळाशीं असून उपयोग नाहीं.

केवळ रीत दाखविण्यासाठीं आंकडे घेऊं; प्रत्यक्ष दर आपण विचारून घ्यावेत. समजा, आठ माणसांस पुरेल अशी मोटार दिवसभरासाठीं ४,००० रुपयांस पडते. बसचें पूर्ण तिकीट ९० रुपये धरलें, तर पांच तिकिटांचे जातां-येतां ९०० रुपये होतात. गांवांत फिरण्यासाठीं रिक्षाचे ४०० धरा. एकूण १,३००. खोलीचें भाडें दोन्ही गांवीं सारखेंच मानलें तरी २,७०० रुपये वांचतात. या पैशांत आजीसाठीं तळमजल्यावरची थोडी चांगली खोली घ्यावी, असें आमचें स्पष्ट मत आहे. काटकसर म्हणजे सर्वच ठिकाणीं कमी खर्च करणें नव्हे. जेथें सुखाचा संबंध नाहीं तेथें वांचवून, जेथें आहे तेथें तो पैसा लावणें, ही खरी काटकसर.

कराचाही विचार करावा. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत भाडें असलेल्या खोलीवरील वस्तु व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून बारा टक्क्यांवरून पांच टक्क्यांवर आला आहे. सांगितलेलें भाडें कर धरून आहे कीं त्यावांचून, हें आधींच विचारावें. रेल्वेनें येणाऱ्यांनीं ज्येष्ठ नागरिकांची भाडेसवलत धरून हिशेब करूं नये. ती मार्च २०२० मध्यें बंद करण्यांत आली.

खोली ठरवितांना

कंधारास रेल्वे नाहीं. मुंबईकडून देवगिरी किंवा तपोवन एक्सप्रेसनें नांदेडास उतरावें, व तेथून बस घ्यावी. लातूरकडून अहमदपूरमार्गें येणाऱ्यांस नांदेड गांठण्याची जरूरी नाहीं. लोहा येथें उतरलें कीं कंधार तेथून सुमारें पंधरा किलोमीटर राहतें.

हें तालुक्याचें साधें गांव आहे, म्हणून येथें मोठ्या हॉटेलांची अपेक्षा धरूं नये. साधे लॉज व शासकीय विश्रामगृह यांवरच भिस्त ठेवावी. विश्रामगृहाची परवानगी सार्वजनिक बांधकाम खात्याकडून आगाऊ घ्यावी लागते, आणि सरकारी कामासाठीं आलेल्या अधिकाऱ्यांचा हक्क आधीं असतो. सबब दुसरी सोय मनांत धरूनच तिकडे अर्ज करावा. जाहिरातींतील चित्रांवर विसंबण्यापेक्षां स्वतः दूरध्वनि करावा, आणि पुढील गोष्टी एकेक करून विचाराव्या : खोली तळमजल्यावर आहे काय? शौचकूप खोलीलगत व कमोडचा आहे काय? सकाळीं ऊन पाणी किती वाजतां मिळतें? एका खोलींत जादा गादी देतात काय, व तिचे वेगळे पैसे पडतात काय? खोलीचा दिवस चोवीस तासांचा मोजतात कीं दुपारीं बाराला संपतो? रात्रीं वीज गेल्यास सोय काय? हें ठरल्यावर तेंच सर्व भाड्याच्या आंकड्यासह मोबाइलवरील संदेशानें लिहून पाठवावें व होकार मागवावा. बोललेलें विसरलें जातें, लिहिलेलें राहतें. विसार थोडा द्यावा. सगळें भाडें आगाऊ देऊं नये.

एकत्र कुटुंबास चार लहान खोल्यांपेक्षां दोन मोठ्या खोल्या बहुधा स्वस्त व सोयीच्या पडतात. एकींत आजी, सुना व नात, दुसरींत पुरुषमंडळी अशी विभागणी केली म्हणजे बायकांस मोकळेपणा मिळतो, आणि रात्रीं आजीस उठावें लागलें तर जवळ कोणी असतें. कंधारास मनाजोगी खोली मिळालीच नाहीं तर हट्ट धरूं नये. नांदेडास राहून सकाळच्या पहिल्या बसनें यावें.

नांदेडास गुरुद्वाऱ्याचे यात्रीनिवास आहेत. गुरु गोविंदसिंग १७०८ मध्यें तेथें निवर्तले, म्हणून शीख बांधवांचें तें परम पवित्र क्षेत्र आहे. तेथें उतरावयाचें तर दर्शनाच्या भावनेनें उतरावें. मस्तक झांकणें, तंबाखू वर्ज्य करणें हे नियम मनापासून पाळावे. स्वस्त खोली एवढाच हेतु ठेवून पवित्र स्थळीं जाणें शिष्टाचारास धरून नाहीं.

केव्हां जावें, बरोबर काय न्यावें

कार्तिक ते माघ हा काळ उत्तम. मात्र कांहीं दिवस टाळावे. कंधारास हाजी सय्याह सरवर मखदूम यांच्या दर्ग्याचा उरूस भरतो. त्याची तारीख चांद्र गणनेनें दरवर्षीं सरकते. मार्गशीर्षांत लोहा तालुक्यांतील माळेगांवास खंडोबाची मोठी यात्रा असते, आणि त्या वेळीं नांदेड-लातूर रस्त्यावरील गाड्या भरून वाहतात. होला महल्ला व दसरा या दिवसांत नांदेडच्या खोल्या मिळणें कठीण. ज्यांस यात्राच पाहावयाची आहे त्यांनीं अवश्य जावें, पण महिनाभर आधीं जागा निश्चित करून. ज्याच्या येण्यास तिथि नाहीं तो अतिथि, ही व्याख्या घरच्या पाहुण्यास शोभते. लॉजच्या पाहुण्यानें तिथि, वार व वेळ कळवूनच जावें.

दोन वेळांच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लाडू घरून न्यावे. पहिल्या रात्रीं थकलेल्या मंडळींस खानावळ शोधावी लागत नाहीं, हा मोठा लाभ. दुसऱ्या दिवशीं मात्र गांवांतच ज्वारीची ऊन भाकरी व पिठलें घ्यावें. आपण ज्या गांवचें वैभव पाहण्यास आलों, त्या गांवास चार पैसे मिळाले पाहिजेत. औषधें, विजेरी, एक चादर व पिण्याचें पाणी हीं हातपिशवींत असावींत. किल्ल्यांत उष्टें-खरकटें टाकूं नये, आणि भिंतीवर नांव कोरण्याचा मोह मुलांस होऊं देऊं नये. ज्या तुर्की कारागिरांचीं नांवें तेथें आहेत, त्यांनीं तीं आधीं तट बांधून मिळविलीं आहेत, एवढें सांगितलें तर पुरे.

शेवटीं एक सूचना. प्रवासाच्या जमाखर्चाची वही घरांतील चौदा वर्षांच्या मुलाच्या हातीं द्यावी. भाडें विचारणें, तिकिटांचा मेळ घालणें, रोजचा खर्च लिहिणें हें शिक्षण शाळेंत मिळत नाहीं. मात्र वहीच्या पहिल्या पानावर प्रथम घरांतील सर्व माणसांचीं नांवें लिहवून घ्यावींत, आणि रुपयांचे आंकडे त्यानंतरच्या पानापासून सुरू करावेत. हिशेब जमला नाहीं तर दिवस कमी करावा, मोटार सोडावी, खरेदी टाकावी; पहिल्या पानावरचें नांव मात्र एकही खोडूं नये.